गिटार अ‍ॅम्प आणि स्पीकर कॅबिनेटचे ओम कसे जुळवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूरकडचे कॉलेज बँडवाले, भीमगीतांच्या आणि जुन्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्रातले लीड गिटारवाले, चर्चमध्ये वाजवणारी मुलं, या सगळ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम लागले की आणि पुढं गणपती जवळ आले की हे प्रश्न वाढतात, कारण तेव्हाच कुणाचं तरी हेड (स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) आणि कुणाचं तरी कॅबिनेट (स्पीकरची पेटी) एकत्र येतं. आपल्या भागात ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हच्या) अ‍ॅम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला तर तो गावात मिळत नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड नाहीतर पुण्याची बुधवार पेठ गाठावी लागते, आणि तिथंही हवा तो मिळेलच असं नाही. म्हणून जोडण्याआधी कागदावर दोन मिनिटं ओमचा (विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या मापाचा) हिशोब करा, ही कळकळीची विनंती.

थोडक्यात नियम काय?

ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला, मागं जॅकपाशी जो किमान ओम लिहिलेला असतो त्याच्या खाली जायचं नाही. वर गेलेलं चालतं, फक्त आवाज थोडा कमी होतो. ट्यूब अ‍ॅम्पला, जॅकवर किंवा सिलेक्टरवर (ओम निवडायच्या खटक्यावर) जेवढे ओम तेवढंच कॅबिनेट लावायचं. आणि ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरशिवाय कधीही चालू करायचा नाही, अगदी 'फक्त लाइट लागते का बघतो' म्हणूनसुद्धा नाही.

दादा, कॅबिनेटवरचं लेबल उडालंय. किती ओमचं आहे कसं कळणार?

मागची फळी उघडता येत असेल तर आधी स्पीकरच्या चुंबकावर बघा. तिथं बहुतेक वेळा ८ किंवा १६ ओम छापलेलं असतं. पण आत दोन किंवा चार स्पीकर असतील तर एका स्पीकरचा आकडा म्हणजे कॅबिनेटचा आकडा नव्हे. वायरिंग कसं केलंय त्यावर ते ठरतं.

फळी उघडायची नसेल तर साधा मल्टिमीटर पुरतो. अ‍ॅम्पमधून केबल काढा, तिचं दुसरं टोक कॅबिनेटमध्येच राहू द्या. मीटर २०० ओमच्या रेंजवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून बघा, ०.३ किंवा ०.५ असं काहीतरी दिसेल. तो मीटरच्या वायरींचा रोध, तो शेवटी वजा करायचा. मग एक प्रोब जॅकच्या टोकाला आणि दुसरा दांड्याला लावा. कोन (स्पीकरचा पडदा) किंचित हलल्याचा बारीक 'टक' आवाज येतो, आकडा जरा नाचतो आणि स्थिर होतो. तीन ते साडेतीनच्या आसपास आला तर कॅबिनेट ४ ओमचं, सहा ते सातच्या दरम्यान आला तर ८ ओमचं, बारा ते चौदाच्या दरम्यान आला तर १६ ओमचं. आकडा येतच नसेल तर केबल तुटली आहे, जॅक सैल आहे किंवा कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) जळाली आहे. आधी केबल बदलून बघा, बरेचदा खोट तिथंच सापडते.

हात स्थिर ठेवा. दोन्ही हातांची बोटं प्रोबच्या धातूला लावू नयेत ही सवय चांगली, आणि मोजताना कोनला धक्का लागू देऊ नका. कोन हलला की तो स्वतःच वीज तयार करतो आणि मीटर भलताच आकडा दाखवतो.

मीटर ६.४ दाखवतो, मग त्याला ८ ओम का म्हणायचं?

मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध मोजतो, तोही बॅटरीच्या सरळ विजेवर. गिटारचा आवाज मात्र एका सेकंदात शेकडो-हजारो वेळा उलटसुलट होणारी वीज असते. तिला तारेच्या रोधाखेरीज कॉइलचं चुंबकीय वागणं आणि कोनची हालचाल यांचाही अडथळा होतो. या सगळ्याची बेरीज म्हणजे इम्पिडन्स. आणि तो एकच आकडा नसतो, स्वराप्रमाणं बदलतो. चुंबकावर छापलेला ८ हा फक्त व्यवहारापुरता मान्य केलेला आकडा आहे.

गिटारच्या बारा इंची स्पीकरचा आलेख पाहिला तर खाली ७५ हर्ट्झच्या आसपास एक मोठा उंचवटा दिसतो. कोनचा नैसर्गिक झोका तिथं असतो आणि '८ ओमचा' स्पीकर त्या जागी कित्येक पट वर गेलेला असतो. मग तो उतरतो, ३००-४०० हर्ट्झच्या सुमारास सगळ्यात खाली येतो. तिथं तो खराखुरा आठच्या जवळ असतो. पुढं वरच्या स्वरांकडं कॉइलमुळं पुन्हा हळूहळू चढत जातो. हा आलेख लक्षात ठेवा, टोनचा प्रश्न येईल तेव्हा त्याचं काम पडणार आहे.

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला जास्त ओमचं कॅबिनेट लावलं तर किती फरक पडतो?

समजा अ‍ॅम्पवर '४ ओमला १०० वॅट' लिहिलंय. ४ ओममध्ये १०० वॅट म्हणजे २० व्होल्ट. तेच २० व्होल्ट ८ ओमवर गेले तर हिशोबानं ५० वॅट होतात. प्रत्यक्षात थोडे जास्तच मिळतात, कारण भार हलका झाला की पॉवर सप्लाय कमी दबतो. पण अर्धे वॅट म्हणजे अर्धा आवाज नव्हे. तीन डेसिबलच कमी होतात. कानाला कळतं, पण कार्यक्रम अडत नाही.

उलट दिशेनं मात्र धोका आहे. ४ ओम किमान असलेल्या अ‍ॅम्पला २ ओम लावले की आउटपुट ट्रान्झिस्टरमधून दुप्पट करंट ओढला जायला लागतो. सुरुवातीला आवाज मोठा येतो, सगळे खूश होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत हीटसिंकला हात लावता येत नाही. चांगल्या अ‍ॅम्पमध्ये संरक्षण सर्किट असतं, ते आवाज बंद करतं. स्वस्त अ‍ॅम्पमध्ये ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो आणि जाता जाता कधी कधी स्पीकरच्या कॉइललाही घेऊन जातो.

ट्यूब अ‍ॅम्पला एवढा कडक नियम का?

ट्यूबला स्पीकर थेट चालवता येत नाही. ट्यूबमधून व्होल्टेज भरपूर आणि करंट थोडा मिळतो. स्पीकरला नेमकं उलटं हवं असतं. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसतो तो यासाठी. ट्रॅक्टर तोच असला तरी नांगराला गिअर वेगळा आणि रिकामी ट्रॉली घेऊन रस्त्यानं जाताना वेगळा. ४, ८, १६ ओमचे टॅप (ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर काढलेल्या जोडण्या) म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे गिअर.

आकड्यात सांगायचं तर ईएल३४ ट्यूबच्या जोडीला साधारण ३४०० ओमचा भार हवा असतो. स्पीकर ८ ओमचा. ३४०० भागिले ८ म्हणजे ४२५, त्याचं वर्गमूळ साधारण साडेवीस. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला दुसऱ्या बाजूच्या साडेवीस पट वेढे. आता त्याच ८ च्या टॅपला १६ ओमचं कॅबिनेट लावलं तर ट्यूबला ३४०० च्या जागी ६८०० दिसतात. ४ ओमचं लावलं तर १७००. स्पीकरच्या बाजूला केलेला प्रत्येक बदल ट्यूबपर्यंत असा सव्वाचारशे पट होऊन पोचतो.

आणि स्पीकरच नसेल तर? ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला जायला वाट उरत नाही. एखादा जोरदार स्ट्रोक बसला की ती उलटून ट्यूबच्या बाजूला प्रचंड व्होल्टेजचा झटका देते. सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी पडते, सॉकेट काळं पडतं, किंवा ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन फाटतं. बाहेरून काहीच दिसत नाही, पण ट्रान्सफॉर्मर गेलेला असतो.

म्हणजे ट्यूब अ‍ॅम्पला एक पायरी इकडंतिकडं अजिबात चालत नाही?

८ च्या टॅपला ४ किंवा १६ ओम लावून वर्षानुवर्षं वाजवणारे लोक जगभर आहेत, आणि कित्येक अ‍ॅम्प ते सहन करतात. तरी दोन्ही दिशांची किंमत वेगळी असते. कमी ओमचं कॅबिनेट लावलं की ट्यूबमधून करंट वाढतो, ट्यूब लवकर झिजतात. जास्त ओमचं लावलं की व्होल्टेजचे झटके वाढतात आणि ट्यूबच्या स्क्रीन ग्रिडवर (आतल्या एका जाळीवर) ताण येतो. ओव्हरड्राइव्हवर पूर्ण उघडून वाजवलं तर हा ताण ट्रान्सफॉर्मरपर्यंत जातो. दोन्ही वेळा पॉवरही कमी मिळते.

माझं मत विचाराल तर कंपनीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच करा. ट्यूब बदलता येतात, ट्रान्सफॉर्मरसाठी महिनाभर थांबावं लागतं. अगदीच वेळ आली, स्टेजवर दुसरं काही नाही, तर एका पायरीपर्यंत, कमी ओमच्या बाजूला आणि आवाज आवरून. दोन पायऱ्या, म्हणजे ४ च्या टॅपला १६, कधीच नाही.

माझ्या अ‍ॅम्पमध्ये समोरच्या जाळीतून ट्यूब पेटलेली दिसते. म्हणजे तो ट्यूब अ‍ॅम्पच ना?

नसेलही. पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये पुढच्या टप्प्यात एक छोटी १२एएक्स७ ट्यूब असते आणि पॉवरचं काम ट्रान्झिस्टर करतात. अशा हायब्रिड अ‍ॅम्पला ट्रान्झिस्टरचाच नियम लावायचा. ओळख अशी: मागच्या बाजूला ४, ८, १६ चे वेगवेगळे जॅक किंवा सिलेक्टर असेल आणि आत ईएल३४, ६एल६, ईएल८४, ६व्ही६ यांसारख्या मोठ्या ट्यूब आणि दोन लोखंडी ट्रान्सफॉर्मर असतील, तर तो खरा ट्यूब अ‍ॅम्प. वजनावरूनही लगेच कळतं, एका हातानं उचलत नाही. जॅकपाशी 'किमान ४ ओम' असं लिहिलं असेल तर बहुधा ट्रान्झिस्टर. शंका असेल तर ट्यूबचा कडक नियम पाळा, त्यानं नुकसान कोणाचंच होत नाही.

ओम जुळवले की टोन सुधारतो का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

ओम बरोबर जुळवले म्हणजे अ‍ॅम्प जसा बनवला तसा वाजतो. ट्यूबला हवा तो भार मिळतो, पूर्ण पॉवर बाहेर येते, खालचे स्वर घट्ट राहतात, आणि आवाज फाटायला लागतो तो तुमच्या हातानं आणि व्हॉल्यूमनं, चुकीच्या भारामुळं नव्हे. ज्याचं आधी चुकलेलं होतं त्याला हा फरक मोठा वाटतो. ज्याचं मुळातच बरोबर होतं त्याला ओमच्या मागं लागून आणखी काही मिळणार नाही.

पण एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. वर स्पीकरच्या इम्पिडन्सचा आलेख सांगितला, खाली उंचवटा, मध्ये दरी, वर चढण. ट्यूब अ‍ॅम्पची स्पीकरवरची पकड सैल असते, त्यामुळं जिथं इम्पिडन्स वाढतो तिथं त्याचं आउटपुट व्होल्टेजही वाढतं. म्हणजे स्पीकरच्या आलेखाचा ठसा सरळ आवाजावर उमटतो. गिटारची सहावी तार मोकळी वाजवली तर ती ८२ हर्ट्झची असते, आणि कोनचा उंचवटा ७५ च्या जवळपास. म्हणून ट्यूब अ‍ॅम्पमध्ये ती जाडी तार अशी छातीत वाजते. आणि वर तीन-चार हजार हर्ट्झकडं चढण असल्यामुळं तारा छेडायच्या पिकचा घाव धारदार ऐकू येतो. साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पची पकड मात्र घट्ट असते, इम्पिडन्स काहीही असो, तो व्होल्टेज सारखंच ठेवतो. तेच कॅबिनेट त्याला जोडलं की आवाज चपटा, कोरडा वाटतो. काही कंपन्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये करंट फीडबॅक नावाची युक्ती वापरून ही सैल पकड मुद्दाम आणतात, आणि ते अ‍ॅम्प बरेच जिवंत वाजतात.

म्हणून 'माझ्या कॅबिनेटवर त्याचं हेड एवढं भारी कसं वाजलं' असं वाटलं तर ते ओमचं नव्हे. ते हेडची पकड आणि तुमच्या स्पीकरचा आलेख यांचं जमलेलं आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर स्पीकरवर करा. त्याच कॅबिनेटमध्ये, तेवढ्याच ओमचा दुसरा स्पीकर बसवून जो फरक पडतो, तो सिलेक्टर कितीही फिरवून पडत नाही.

कॅबिनेटची मागची बाजू बंद की उघडी याचाही परिणाम मोठा आहे. बंद पेटीत हवा कोंडली जाते, कोनचा उंचवटा वर सरकतो, आवाज समोर घट्ट फेकला जातो. उघड्या पेटीचा आवाज खोलीभर पसरतो, पण मोकळ्या मैदानावरच्या मांडवात मागं भिंतच नसते, तिथं तो हरवतो. जयंतीच्या किंवा गणपतीच्या उघड्या स्टेजसाठी मी बंद पेटी सुचवतो.

१६ ओमचा स्पीकर घेऊ की ८ ओमचा? कशाचा टोन चांगला?

एकाच मॉडेलच्या ८ आणि १६ ओमच्या स्पीकरमध्ये कॉइलची तार वेगळी असते, १६ ची बारीक आणि जास्त वेढ्यांची. काहींना त्यात सूक्ष्म फरक ऐकू येतो. त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. निवड वायरिंगवरून करा. एकटा स्पीकर टाकायचा आणि अ‍ॅम्प ८ ओमचा, तर ८ घ्या. उद्या दुसरं तसंच कॅबिनेट जोडायचं मनात असेल तर १६ घ्या, कारण दोन १६ मिळून ८ होतात आणि ते जवळपास प्रत्येक अ‍ॅम्पला चालतात. एक ४ ओमचा घेऊन ठेवला तर पुढं वाढवायची वाटच बंद होते.

दोन कॅबिनेट एकत्र लावली तर हिशोब कसा करायचा?

अ‍ॅम्पच्या मागचे दोन स्पीकर जॅक जवळपास नेहमी पॅरलल (करंट दोघांत वाटला जाईल असे) असतात. सारख्या ओमची दोन कॅबिनेट असतील तर एकाचं निम्मं करा: ८ आणि ८ मिळून ४, १६ आणि १६ मिळून ८. वेगवेगळी असतील तर दोघांचा गुणाकार भागिले दोघांची बेरीज. ८ आणि १६ असेल तर १२८ भागिले २४, म्हणजे ५.३३. ट्यूब अ‍ॅम्पचा सिलेक्टर मग ४ वर ठेवावा लागतो, कारण ५.३३ ला तोच जवळचा.

वेगवेगळ्या ओमची कॅबिनेट एकत्र लावली की पॉवर सारखी वाटली जात नाही हेही लक्षात ठेवा. वरच्या उदाहरणात ८ ओमच्या कॅबिनेटकडं दोन तृतीयांश पॉवर जाते. त्यात जुना, कमी वॅटचा स्पीकर असेल तर आधी तो जातो.

सिरीजमध्ये (एकामागं एक) जोडलं तर ओमची नुसती बेरीज होते, पण त्यासाठी वेगळी केबल किंवा डबी लागते, आणि एक स्पीकर गेला की दोन्ही बंद. ट्यूब अ‍ॅम्पला हा धोका नको.

चार स्पीकरचं कॅबिनेट १६ ओमचंच कसं राहतं?

मार्शल कंपनीच्या नेहमीच्या चार बारा इंची कॅबिनेटमध्ये १६ ओमचे चार स्पीकर असतात. दोन सिरीजमध्ये जोडून ३२, आणि अशा दोन जोड्या पॅरलल करून पुन्हा १६. फेंडर कंपनीनं दुसरी वाट धरली: ट्विन रिव्हर्बमध्ये ८ ओमचे दोन स्पीकर पॅरलल, म्हणून तो ४ ओमचा, सुपर रिव्हर्बमध्ये ८ ओमचे चार दहा इंची पॅरलल, म्हणून तो थेट २ ओमचा. फेंडरच्या अ‍ॅम्पला मार्शलचं कॅबिनेट सहज म्हणून लावू नका, असं सांगतात त्याचं कारण हे.

चारपैकी एक स्पीकर गुपचूप गेला तर स्टेजवर कळतही नाही, आवाज थोडा पातळ वाटतो एवढंच. मीटर मात्र सांगतो. १६ ओमच्या अशा कॅबिनेटवर तेराच्या ऐवजी पंचविसाच्या आसपास आकडा आला तर एक जोडी पूर्ण तुटलेली आहे, आणि तुमच्या ट्यूब अ‍ॅम्पला सध्या १६ नव्हे ३२ ओम दिसत आहेत. हंगामाआधी एकदा प्रत्येक कॅबिनेट मोजा.

स्पीकर स्वतः बदलला, ओम बरोबर आहेत, तरी आवाजात दम नाही. का?

बहुतेक एका स्पीकरची वायर उलटी लागली आहे. एक कोन पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो, आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. तपासायला घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक किंवा लाल खुणेच्या टर्मिनलला, उणे टोक दुसऱ्याला, क्षणभर टेकवा. कोन जागेवरून बाहेर उडी मारतो. सगळे स्पीकर एकाच बाजूला हलले पाहिजेत. एखादा आत गेला तर त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा. सेल लावून धरू नका, टेकवायचा आणि काढायचा. हे करताना कॅबिनेट अ‍ॅम्पपासून पूर्ण सुटलेलं हवं.

वॅट जुळवायचे का?

वॅट जुळवायचे नसतात, स्पीकरचे जास्त हवे असतात. ५० वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प ५० मोजला जातो तो स्वच्छ आवाजावर. पूर्ण उघडून ओव्हरड्राइव्हमध्ये तो बराच वर जातो. २५ वॅटचा ग्रीनबॅक (सेलेशन कंपनीचा स्पीकर) एकटा त्याला लावला तर तो जाणार. चार लावले तर १०० होतात आणि मजेत राहतात.

दुकानात वॅट विचारतो तितक्याच आग्रहानं सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटला स्पीकर किती मोठा वाजतो ते) विचारा. सेलेशनचा व्हिंटेज ३० हा ६० वॅटचा आणि १०० डेसिबलचा. त्याच्या जागी ९७ डेसिबलचा स्पीकर बसवला तर तेवढाच आवाज काढायला अ‍ॅम्प दुप्पट वॅटचा लागतो.

मंडपवाल्याकडं अहुजाचे भोंगे आणि कॉलम असतात. त्यांना गिटारचं हेड लावू का?

नाही, नाही आणि नाही. हे वाचून झाल्यावर आपल्या साउंडवाल्यालाही सांगा.

देवळात, सभेला, कीर्तनाला लांबवर भोंगे लावतात ते बहुधा १०० व्होल्ट लाइनवर चालतात. प्रत्येक भोंग्याच्या मागं छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणून शेकडो फूट बारीक वायर ओढूनही आवाज पोचतो. त्या लाइनवर १० वॅटचा एक भोंगा म्हणजे १०० चा वर्ग भागिले १०, एक हजार ओम. ८ ओमच्या ट्यूब अ‍ॅम्पला एक हजार ओम लावणं म्हणजे जवळजवळ स्पीकर नसल्यासारखंच आहे. वर सांगितलेली ठिणगी इथं पडते.

उलटंही घडतं. पीए अ‍ॅम्पलिफायरच्या मागं ४, ८, १६ ओम, ७० व्होल्ट आणि १०० व्होल्ट अशी टर्मिनलं एका ओळीत असतात. घाईत गिटारचं ८ ओमचं कॅबिनेट १०० व्होल्टच्या स्क्रूला लागलं, तर १०० वॅटच्या अ‍ॅम्पला जिथं १०० ओम हवेत तिथं आठच मिळतात. आधी फ्यूज गेला तर नशीब समजायचं. गिटारचं कॅबिनेट पीए अ‍ॅम्पवर लावायचंच झालं तर कॉमन आणि ८ ओम या दोनच स्क्रूंना, बाकी भोंगे त्याच अ‍ॅम्पवरून काढून.

खरं तर अशा कार्यक्रमात गिटारचा अ‍ॅम्प आपल्याच कॅबिनेटवर चालवावा, समोर एक माइक लावावा आणि तो मिक्सरला द्यावा. हेडचा स्पीकर जॅक मिक्सरच्या इनपुटला कधीही द्यायचा नाही. लाइन आउट असेल तर तो चालतो.

जुना डीजेचा पंधरा इंची किंवा गाडीचा स्पीकर कॅबिनेटमध्ये बसवला तर?

ओम जुळले तर चालेल, टोन मिळणार नाही. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्यानं थांबतो, आणि डिस्टॉर्शनमधली कचकच तिथंच गाळली जाते. गाडीचा स्पीकर ती सगळी ऐकवतो. वर गाडीचे स्पीकर बहुधा ४ ओमचे असतात, ते ८ च्या जागी बसवताना हिशोब बिघडतो.

हेडपासून कॅबिनेटपर्यंत गिटारचीच केबल लावली तर?

दोन्हींचा जॅक सारखा दिसतो म्हणून हे सर्रास घडतं. गिटारच्या केबलमध्ये मध्ये केसासारखी बारीक तार आणि भोवती जाळी असते. ती मिलिअँपिअरसाठी आहे, स्पीकरला जाणाऱ्या अनेक अँपिअरसाठी नाही. ती तापते, आतून वितळून शॉर्ट होते किंवा तुटते, आणि ट्यूब अ‍ॅम्पला दोन्ही वाईट. स्पीकर केबल घरी बनवता येते. इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड स्क्वेअर एमएमची दोन पदरी लवचिक तांब्याची वायर आणि दोन धातूचे चांगले जॅक घ्या. तीन मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध ०.१ ओमच्याही खाली राहतो. झाळताना उष्णता पुरेशी द्या, कथील पिनेवर पसरलं पाहिजे, गोळी होऊन बसलं तर तो टाका कच्चा. झाल्यावर केबलवर 'स्पीकर' अशी चिकटपट्टी लावा, स्टेजवरच्या अंधारात उपयोगी पडते.

मेच्या उन्हात किंवा जनरेटरवर काही वेगळी काळजी?

बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, पत्र्याच्या स्टेजवर, किमान ओमवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला सावरायला जागा उरत नाही. उन्हाळ्यात किमान ४ असेल तर ८ लावून वाजवा, तीन डेसिबल सोडून द्या. मागची जाळी कापडानं झाकू नका, ती धुळीनं भरली असेल तर ब्रशनं साफ करा. जनरेटरवर गिटारसाठी वेगळी लाइन मागा, हॅलोजनच्या बोर्डात पिन घालू नका.

अ‍ॅम्प चालू असताना ओमचा सिलेक्टर फिरवला तर चालतो का?

नाही. फिरवताना एक क्षण असा येतो की कुठलाच टॅप जोडलेला नसतो. आधी अ‍ॅम्प बंद, मग सिलेक्टर, मग चालू. केबलचंही तसंच: आधी स्पीकर, मग वीज, काढताना आधी वीज, मग स्पीकर.

फेंडरच्या अ‍ॅम्पमध्ये जास्तीच्या स्पीकरच्या जॅकमध्ये कॅबिनेट लावलं, तर आवाजच येत नाही!

मुख्य स्पीकरच्या जॅकमधून आतल्या स्पीकरची पिन काढली असेल. त्या जॅकमध्ये पिन नसली की तो आउटपुट मुद्दाम शॉर्ट करतो, ट्रान्सफॉर्मर उघडा राहू नये म्हणून. बाहेरचं एकच कॅबिनेट वापरायचं तर ते मुख्य जॅकमध्येच लावा.

फ्लॅटमध्ये राहतो, आवाज कमी करायला अटेन्युएटर (अ‍ॅम्प आणि कॅबिनेटच्या मध्ये लावायची, पॉवर गिळणारी पेटी) घेतला. त्यालाही ओम बघायचे?

हो. अ‍ॅम्प, अटेन्युएटर आणि कॅबिनेट, तिन्हीचे ओम सारखे हवेत, आणि अटेन्युएटरचे वॅट अ‍ॅम्पपेक्षा भरपूर जास्त. तो गरम होतो, तेच त्याचं काम आहे. त्याच्यावर काही ठेवू नका.

चुकीचं जोडलं गेलं, आता जळका वास येतोय. काय करू?

लगेच बंद करा, पिन बोर्डातून काढा, 'एकदा बघू' म्हणून पुन्हा चालू करू नका. ट्यूब अ‍ॅम्प उघडू नका; बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये कित्येकशे व्होल्ट राहू शकतात. दुरुस्तीवाल्याकडं नेताना चार गोष्टी लिहून द्या: अ‍ॅम्पचा सिलेक्टर किती ओमवर होता, कॅबिनेट किती ओमचं होतं, केबल कोणती होती, आणि आवाज आधी गेला की वास आधी आला. आवाज आधी गेला असेल तर तो स्पीकर, केबल किंवा जॅकपासून सुरुवात करेल. वास आधी आला असेल तर ट्यूबचं सॉकेट आणि ट्रान्सफॉर्मर आधी बघेल. कॅबिनेट आणि तीच केबलही सोबत न्या, कारण मूळ खोट तिथं असेल तर दुरुस्त झालेला अ‍ॅम्प घरी आणल्यावर पुन्हा तसाच जाईल.